नाकवाल्या बाई

आमच्या शेडमध्ये दीडशे बायका आणि नाक एकच. म्हणजे नाकं सगळ्यांनाच होती, पण ती आपली शिंकायला आणि दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायला. कामाचं नाक एकच, ते बाईंचं. पाठीमागे त्यांना सगळे नाकवाल्या बाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई.

मी कोळंबी सोलते. डोकं काढायचं, साल उतरवायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा, पाण्यात टाकायची, पुढची घ्यायची. एकोणीस वर्षं हेच. नवरा म्हणतो, झोपेतसुद्धा तुझी बोटं चालतात. त्याला कसं ठाऊक देव जाणे, महिन्यातले वीस दिवस तर तो बोटीवर असतो! ते असो. सांगायचं काय, की माझी जागा बाईंच्या टेबलाला लागून होती. एकोणीस वर्षं आम्ही हातभर अंतरावर बसलो, आणि तेवढ्या वर्षांत आमच्यात जे बोलणं झालं ते एका दमात सांगून संपेल.

बाईंचं काम कळायला आधी आमच्या भागाचं पोट कशावर भरतं ते कळायला हवं. आमच्याकडे कारखाना नाही, खाण नाही, लांबून बघायला यावं असं काही नाही. शेत आणि समुद्र, संपलं. सखल शेतांत सहा महिने भात घेतात. भात कापला की बांधाचं दार उघडून खाडीचं खारं पाणी आत सोडतात आणि त्याच चिखलात पुढे कोळंबी वाढवतात. पलीकडे समुद्र, तिथली कोळंबी बोटी आणतात. माझ्याच घरात बघा ना, नवरा बोटीवर, धाकटा दीर शेतावर, मी शेडमध्ये. सासूबाई होत्या तोवर जाळी विणायच्या, आणि जाऊ कोळंबीच्या सालांचं खत करून भाजीच्या वाफ्यांना घालते. बर्फवाला, डिझेलवाला, ट्रकवाले, पेट्या ठोकणारे सुतार, सगळे त्या एका किड्यावर जगतात. हो, किडाच तो, मिशा बघा त्याच्या! शेतातला असो नाहीतर समुद्रातला, सगळा माल आमच्या शेडमध्ये येतो, गोठतो, कंटेनरमध्ये भरून परदेशी जातो. आणि माल आत घ्यायचा की नाही, हे ठरवायला शेडच्या तोंडाशीच बाईंचं टेबल.

प्रत्येक खेपेतल्या पाच कोळंब्या त्या टेबलावर यायच्या. बाई आधी कच्चीचं डोकं मोडून तिथे वास घ्यायच्या. मग उरलेल्या छोट्या पातेल्यात नुसत्या पाण्यात उकळायच्या, चिमूटभर मीठसुद्धा नाही. वाफ हुंगायची, एक तुकडा चावायचा, थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची. टेबलावर एक टिचकी मारली की माल पास, दोन मारल्या की परत. तोंडाने काही बोलायच्या नाहीत. बोटीत डिझेल झिरपलं असेल, बर्फ उशिरा पडला असेल, शेतातलं पाणी कुजून कोळंबीत मातकट वास उतरला असेल, सगळं त्यांना कळायचं. शहरातल्या प्रयोगशाळेचा कागदही येतो, जंतू किती आणि औषध किती त्याचा. पण चिखलाचा वास कागदाला येत नाही, खाणाऱ्याला येतो.

आणि तो आला की काय होतं, ते आम्ही जवळून बघितलंय. सहा वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या बंदराचा एक कंटेनर परदेशातून परत आला. त्यातल्या नऊ पेट्यांना वास होता. नऊ! घेणाऱ्यांनी नऊ पेट्या नाहीत, अख्खं बंदरच नाकारलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं. बोटी धक्क्याला बांधून उभ्या, शेतातली कोळंबी शेतातच मेली. पण सगळ्यात आधी दुकान कुणाचं बंद पडलं सांगू? न्हाव्याचं. पोट खपाटीला गेलं की माणूस पहिल्यांदा केस वाढवतो. मग शिंप्याचं. मग शाळेतले दोन वर्ग एक झाले. माझी आतेबहीण तिथे दिलेली. ती पोरांना घेऊन दीड वर्ष माहेरी राहिली, आणि माहेरचं दीड वर्ष म्हणजे काय ते ज्या राहिल्यात त्यांना विचारा. तेव्हापासून आमच्याकडे लोक स्वतःच्या डोळ्यांपेक्षा बाईंच्या नाकाची काळजी जास्त घ्यायला लागले.

काळजी म्हणजे काय, तर लांब राहायचे. रस्त्यात बाई दिसल्या की सिगारेट ओढणारा पलीकडच्या बाजूला जायचा. ताजा रंग दिलेल्या बोटीवरचा माणूस हात वर करून लांबूनच हसायचा. कोणी त्यांना घरी जेवायला बोलवायचं नाही, कारण जेवायला म्हणजे कांदा आला, लसूण आला, फोडणी आली. आमच्या रांगेतल्या बायकांना केसांना तेल लावून यायची बंदी, पावडरची बंदी. माझी तंबाखूची डबी मी गेटवरच्या पहारेकऱ्याकडे ठेवून आत जायची आणि नळावर चार चुळा भरून मगच बसायची. एकदा मी लग्नघरातून तशीच आले, अंगाला अत्तराचा हात लागलेला. बाई ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं आणि मान दाराकडे वळवली. मी गुपचूप जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

स्वतःवर तर त्यांचे नियम आणखी कडक. साबण बिनवासाचा, केस कोरडे. चहा नाही, कॉफी नाही. जेवण म्हणजे उकडलेलं काहीतरी आणि भात. खोली त्यांनी मुद्दाम चाळीच्या टोकाची घेतली होती, शेजारी मिठाचं गोदाम, म्हणजे एका बाजूने तरी कोणाच्या स्वयंपाकाचा वास येऊ नये.

लग्न झालं होतं त्यांचं. नवरा बोटी रंगवायचा, त्यामुळे टर्पेंटाइनचा वास त्याच्या कातडीतच मुरलेला. बिचाऱ्याने काही वर्षं काढली. बाहेर आंघोळ करून घरात यायचं, अळणी जेवायचं, सिगारेट ओढली की दोन तास पायरीवर बसायचं. मग एके दिवशी म्हणाला, मला माणसासारखं फोडणीचं जेवायचंय गं, आणि भावाकडे राहायला गेला. भांडण नाही, तंटा नाही. दर रविवारी यायचा, पायरीवर बसायचा, बाई आतून दारापाशी बसायच्या, आणि मध्ये उंबरा ठेवून दोघं गप्पा मारायचे. चार वर्षांनी तो भावाच्या घरीच वारला. आमच्या रांगेत तेव्हा बायका म्हणायच्या, लसणापायी नवरा घालवला हो बाईंनी. हे पहिल्यांदा कोण म्हणालं? मीच. माझी जीभ अशीच, आधी चालते मग लाजते.

गेल्या हंगामात थंडी पडली तेव्हा बाईंना ताप आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं टेबल रिकामं. शेडमध्ये नुसती पळापळ. माल बर्फात झाकून ठेवला, बोटींना सांगितलं दमानं या, शेतकऱ्यांना सांगितलं दोन दिवस पाण्यातच राहू द्या. मॅनेजर रोज सकाळी बाईंच्या दारात जाऊन बाहेरूनच विचारायचा, कसं काय बाई, आणि आतून उत्तर यायचं, उद्या. आठ दिवसांनी त्या आल्या. गालफडं बसलेली, पण आल्या, पातेलं लावलं, एक टिचकी मारली, आणि अख्ख्या शेडने श्वास सोडला.

त्याच आठवड्यात एक दिवस मी डोक्याला तेल लावून गेले. विसरलेच होते. रविवार समजून लेकीने सकाळी चोपडलं, मीही डोळे मिटून चोपडून घेतलं. टेबलाशी बसल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हटलं, आता मान दाराकडे वळणार. बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि बघून समोरच्या कोळंबीचं डोकं मोडलं. मला काय वाटलं असेल सांगा? मला वाटलं, आजारपणाने बाई मऊ झाल्या. दुपारी बायकांना कौतुकाने सांगितलंसुद्धा, बाई आता माणसात आल्या म्हणून. माझ्या अकलेचे दिवे!

मग माझा दीर आला. धाकटा, तोच शेतावरचा. त्याचं शेत खाडीच्या टोकाला. तिथे पाणी खेळतं राहत नाही, कडेला हिरवा गाळ धरतो. आमच्याकडची रीत अशी, की शेतकरी कोळंबी काढतो तो बाईंच्या भरवशावर. पहिली खेप आणायची. मातकट असेल तर दोन टिचक्या पडतात, मग उरलेली कोळंबी आठ दिवस वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवायची, वास आपोआप निघून जातो. कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. डॉक्टरने पथ्य सांगावं तसं ते. भाऊजींनी तशीच अकरा पेट्यांची खेप आणली, आणि ती पास झाली. ते खुशीत शेतावरच्या आपल्या घरी गेले. घरी ठेवलेली मूठभर कोळंबी जावेने शिजवली, पहिला घास तोंडात घातला आणि थुंकला.

दुसऱ्या दिवशी काम सुटताना भाऊजी गेटच्या बाहेर उभे.

"वहिनी, एक विचारू?" त्यांचा आवाज चोरून आणल्यासारखा. "माझी खेप पास कशी झाली?"

"कशी म्हणजे? चांगली होती म्हणून."

"चांगली कसली, नुसता चिखल आहे चिखल! आमच्या मांजरानं नाक मुरडलं. वहिनी, बाईंना हे कळलं नाही असं होईल का?"

आपला माल पास झाला म्हणून तक्रार घेऊन आलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. हसूच आलं. पण हसता हसता मला ते डोक्याचं तेल आठवलं, आणि हसू तिथल्या तिथे जिरलं.

भाऊजी म्हणाले, "परवा कंटेनर निघतोय. माझ्या पेट्या त्यात गेल्या आणि तिकडे कुणी उघडल्या तर माझं एकट्याचं नाव नाही जाणार, सगळ्यांचं जाईल. मी उद्या दुपारी मॅनेजरला सांगतो. पण आधी तुम्ही बाईंशी बोला. मला त्यांच्यासमोर उभं राहायला जमायचं नाही."

म्हणजे हे माझ्या गळ्यात. तशीच निघाले. पाच वाजले होते, उन्हं अजून होती. एकोणीस वर्षांत मी त्यांच्या दारात कधी गेले नव्हते. जाताना सवयीने तोंडातली तंबाखू थुंकली आणि नळावर चुळा भरल्या.

बाईंनी दार उघडलं आणि आतून वासाचा असा भपकारा आला की मी एक पाऊल मागे सरकले. कांदा, रॉकेल, लसूण, साबण, सगळं एकात एक. आत बघितलं. चुना दिलेल्या भिंती, एक खाट, एक खुर्ची, बंद खिडकी. खिडकीखालच्या टेबलावर बशा मांडलेल्या, ओळीने. एकीत चिरलेला कांदा, एकीत ठेचलेला लसूण, एकीत कॉफी, एकीत सुवासिक साबणाची पिवळी वडी, आणि शेवटी बाटलीच्या झाकणात रॉकेल. त्या घरात एकोणीस वर्षांत यातलं काही शिरलं नसेल. मला डोळे उघडे ठेवता येईनात, आणि बाई माझ्यासमोर शांत उभ्या.

"काय गं? काही काम होतं?"

"बाई, तुम्हाला वास येतो का?" मी सरळच विचारलं. आडवळणं मला जमत नाहीत.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बशांकडे. दार लावून घेतलं. मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसल्या.

"सकाळी वाटलं होतं, कांद्याचा आला. मग कळलं, नुसतं डोळ्यांतून पाणी आलं होतं."

"तापापासून?"

"तापापासून. डॉक्टर म्हणतो, येईल. महिन्याने येईल, वर्षाने येईल, नाहीतर येणारही नाही. त्याला काय, त्याचं कुठे नाकावर चालतंय."

"मग तुम्ही माल पास कशावर करता?"

"डोळ्यांवर. बोटांवर. डोकं सैल आहे का, साल चिकट लागते का, ते कळतं ना. आणि माणसांवर. कुणाचा माल कसा असतो ते मला पाठ आहे. तुझ्या दिराची खेप मी कितीदा परत केलीय? एकदा, फार तर दोनदा."

"बाई, त्यांचीच मातकट होती."

बाईंचा चेहरा उतरला. असा उतरला की मला बघवेना. त्यांनी विचारलं, "खूप?"

"मांजर खाईना."

मग त्या बोलायला लागल्या. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला ऐकलं नसेल. म्हणाल्या, "तू सांग ना मला. तू शेजारीच असतेस. खराब वाटलं की नुसतं खोकायचं, कोणाला कळणार नाही. थोडेच दिवस. येईल गं ते परत."

"माझं नाक? बाई, मी अठ्ठावीस वर्षं तंबाखू खातेय!"

"मग दुसरी कोणी. तू बघ ना कोणीतरी." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. "मला दुसरं काही येत नाही गं. मी काय काय सोडलं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्ही हसताही त्यावर. माझा माणूस तिथे पायरीवर बसायचा, मी इथे. म्हणायची, आज ना उद्या रिटायर होईन, मग एकत्र बसू. तो थांबला नाही. मग मी म्हटलं, जाऊ दे, नाक तरी आहे. तेही गेलं तर मी सकाळी उठून करू काय? या भिंतींकडे बघत बसू?"

खोटं कशाला बोलू, मला वाटलं हो म्हणावं. खोकेन म्हणावं. पण डोळ्यांसमोर आतेबहीण आली, दोन्ही हातांना पोरं धरून आईच्या दारात उभी. नवऱ्याची बोट आली, भाऊजींचं शेत आलं. आमची पोरं, बर्फवाल्याची पोरं, सगळ्यांचं ताट त्या एका टेबलावरून जातं.

"मी मॅनेजरला सांगणार नाही," मी म्हटलं. "पण भाऊजी उद्या दुपारी सांगणार आहेत."

त्यांनी माझा हात सोडला. उठल्या, आणि बशा एकेक करून उचलायला लागल्या. मी निघाले तेव्हा त्या पाठमोऱ्या होत्या, मागे वळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला आल्या. पातेलं ठेवलं, चुलीचं बटण फिरवलं. पहिली खेप एका बोटीची होती, पाच कोळंब्या समोर आल्या. त्यांनी एकीचं डोकं मोडलं, नाकाशी नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. किती वेळ धरलं! पातेल्यातलं पाणी उकळून वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. मी कोळंबी सोलायची सोडून त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट टेबलावर होतं, पण टिचकी पडेना. खेप आणलेला माणूस उभा, त्याच्या मागे दुसरा. मॅनेजर आला.

"काय झालं बाई? बरं नाही वाटत?"

"गोठवलेला माल बाहेर काढा," बाई म्हणाल्या. "माझ्या तापानंतरचा. सगळा."

"सगळा? साडेचारशे पेट्या आहेत! कंटेनर उद्या निघतोय. झालंय काय?"

"मला वास येत नाही."

मॅनेजर हसला. "बाई, थट्टा करताय का सकाळी सकाळी?"

"अठरा दिवस झाले. मी अंदाजाने माल पास करत होते. खाडीच्या टोकाच्या शेताची खेप नक्की खराब आहे. बाकीच्या कोणत्या, ते मला माहीत नाही." आवाज जराही वाढला नाही. पण शेडमधले सगळे हात थांबले होते, त्यामुळे शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

भाऊजींना दुपारी यायची वेळच आली नाही. बाईंनी चूल बंद केली, पातेल्यातलं पाणी ओतलं, पातेलं धुऊन पालथं घातलं आणि आमच्या दोन रांगांमधून चालत बाहेर गेल्या. कोणी उठलं नाही. मीसुद्धा नाही. आता म्हणते, तेव्हा उठून बरोबर जायला हवं होतं, निदान गेटपर्यंत. पण माझे हात कोळंबीत होते आणि मी बसून राहिले.

लांबच्या बंदरावरून तीन परीक्षक बोलावले. चार दिवस ते हुंगत होते. साडेचारशे पेट्यांतल्या चौतीस पेट्या निघाल्या. भाऊजींच्या अकरा, आणखी एका शेतकऱ्याच्या पंधरा, आणि आठ पेट्या डिझेलच्या. ती डिझेलची खेप माझ्या डाव्या हाताशी पास झाली होती आणि मला काडीचा वास आला नव्हता. म्हणजे खोकायचं ठरलं असतं तर मी खोकलेच नसते, आणि बुडालो असतो सगळे. कंटेनर आठवडाभर उशिरा निघाला, पोचला, उघडला गेला, सगळं ठीक म्हणून निरोप आला. त्याच दिवशी नव्या मालाची मागणीही आली. बोटी परत समुद्रात गेल्या, शेतांत पाणी खेळत राहिलं. आमचा न्हावी अजून दुकानात बसून मान मोडेपर्यंत केस कापतोय.

बाईंच्या टेबलावर शहरातली एक मुलगी आली, शिकलेली. ती गळ्यातली शिट्टी वाजवते. एकदा पास, दोनदा परत. मॅनेजरने बाईंना सोलायच्या रांगेत जागा देऊ केली होती, त्यांनी नको म्हटलं. आणि आमच्या बायका? उपकार मानायचे सोडून म्हणायला लागल्या, अठरा दिवस आपल्याला अंधारात ठेवलं हो, किती पोटात ठेवणारी बाई! माझं तोंड सुटलं. म्हटलं, "तुझ्या पोराचा शाळेतला वर्ग भरलेला आहे ना अजून? मग गप बस आणि साल काढ." दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. मला फरक पडला नाही, घरी बोलायला सात माणसं आहेत.

भाऊजींनी आठ दिवस स्वच्छ पाण्यात ठेवलेली कोळंबी काढली तेव्हा त्यातली एक टोपली मुद्दाम बाईंसाठी दिली. "वहिनी, तुम्ही नेऊन द्या. म्हणावं, ही चांगली आहे." मी हो म्हटलं. त्या दिवशी नवरा बोटीवरून आला, दुसऱ्या दिवशी पोराची परीक्षा, तिसऱ्या दिवशी टोपलीतला बर्फ संपायला आला. शेवटी आम्हीच शिजवून खाल्ली. भाऊजींना सांगितलं, दिली.

आता बाईंच्या घरी कोणीही जाऊ शकत होतं. तेल लावून, पावडर फासून, सिगारेट ओढत. नाकाला काही होण्याची भीती उरली नव्हती. पण इतक्या वर्षांची सवय लोकांच्या पायांत बसलेली. रस्त्यात त्या दिसल्या की माणसं अजूनही पलीकडच्या बाजूला जायची, आता सिगारेट नसली तरी. मी रोज म्हणायची, उद्या जाईन. उद्या जाईन, रविवारी जाईन. दीड महिना गेला असा.

मग एका रविवारी त्याच आल्या. भर दुपार होती, घरात गोकुळ. मी तव्यावर मासे तळत होते, रविवारची आलेली जाऊ भात वाढत होती, पोरांची भांडणं चालू. दाराकडे लक्ष गेलं तर बाई पायरीच्या खाली उभ्या. आणखी वाळलेल्या, डोळ्यांखाली काळं. हातात झाकण ठेवलेलं एक भांडं.

"अगंबाई! या ना, आत या. जेवायलाच बसा," मी म्हटलं. मला इतकी शरम वाटली की हातातला झारा कुठे ठेवावा ते कळेना.

"नको, तुमचं जेवण चाललंय." त्या पायरी चढल्या नाहीत. "एक काम होतं. चाळीत शेजारी दार वाजवलं, पण त्यांच्याकडे पाहुणे आहेत. म्हटलं, तुला विचारावं."

"बोला ना."

"हे जरा बघतेस? वास घेऊन?" त्यांनी भांडं पुढे केलं. "परवाचा मासा आहे, शिजवलेला. पोटात बरं वाटत नाही दोन दिवस, म्हणून शंका आली. मला आपलं कळत नाही."

मी पायरी उतरले, झाकण उचललं आणि लगेच परत ठेवलं. तळलेल्या माशांचा वास अंगावर असतानासुद्धा तो वास माझ्या डोक्यात गेला. माझ्यासारख्या तंबाखूखाऊ बाईच्या.

"नासलाय बाई. पार नासलाय. टाका तो आधी."

"आजच नासला असेल?"

"छे! कालपासूनच नासलेला असणार."

बाईंनी माझ्या हातातून भांडं परत घेतलं. झाकण नीट बसलंय का ते अंगठ्याने दाबून बघितलं. भांडं अर्ध्याहून जास्त रिकामं होतं.

"म्हणजे काल मी हाच जेवले," त्या म्हणाल्या. "आणि आज सकाळीही."